चुना डोळ्यात गेला तर : बुबुळाच्या कडेच्या मूळ पेशी आणि दृष्टी वाचवण्याची वाट

मार्च सरत आला की आपल्या वस्त्यांत धांदल सुरू होते. जयंती तोंडावर आलेली असते. विहाराच्या भिंतींना चुना लावायचा असतो, कट्टा धुवायचा असतो, पताका बांधायच्या असतात. तरुण पोरे पिंपात कळीचा चुना भिजवतात. चुना खदखदतो, वाफा निघतात आणि लहान मुले भोवती गंमत बघत उभी राहतात. आम्हाला मात्र ते पिंप दिसले की धडकी भरते.

आम्ही म्हणजे पूर्वी दवाखान्यांत नर्सचे काम केलेल्या आणि आता सातारा-सांगलीच्या वस्त्यांत आरोग्याचे काम करणाऱ्या दोघी-तिघी. या वेळचा पाठ डोळ्याचा आहे. डोळ्यात चुना किंवा अ‍ॅसिड गेले तर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचे, ते आधी सांगणार आहोत. तो अर्धा तास हातातून निसटला आणि डोळ्यात फूल पडले, तर आज कोणता उपचार खरा आहे आणि कोणता नुसता धंदा आहे, तेही सांगणार आहोत.

एका मुलाची गोष्ट

तासगाव तालुक्यातल्या एका वस्तीतला चार वर्षांचा मुलगा. आई-बाप द्राक्षबागेत कामाला गेलेले. घरी आजी होती आणि तिच्या उशाशी तंबाखूची चंची व चुन्याची नळी. पोराने नळी उचलली, तोंडाजवळ धरली आणि दोन्ही हातांनी दाबली. टोपण उडाले आणि चुना थेट उजव्या डोळ्यात गेला.

पोर किंचाळले. आजीने घाबरून डोळ्यात तूप सोडले. शेजारीण बाळंतिणीचे दूध वाटीत घेऊन आली. सगळ्यांचा हेतू चांगला होता, पण पाणी कोणीच ओतले नाही. आई घरी येऊन दवाखाना गाठेपर्यंत तीन तास गेले. तिथे डोळ्यात थेंब टाकले, पट्टी बांधली आणि घरी पाठवले. डोळा धुतला नाही, पापणी उलटून पाहिली नाही.

आम्हाला निरोप मिळाला तेव्हा पाचवा दिवस होता. वरची पापणी उलटली तर आत चुन्याचे पांढरे कण अजून चिकटलेले होते. म्हणजे पाच दिवस, रात्रंदिवस, तो चुना डोळा जाळत होता.

आई म्हणाली, "सिस्टर, डोळा लाल नव्हता ओ. पांढराफटक होता. म्हणून वाटलं, काही झालं नाही."

ही गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. चुना किंवा अ‍ॅसिड गेल्यावर डोळा लाल झाला नाही, उलट पांढराफटक दिसला, तर ते चांगले लक्षण नाही. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या जळून बंद पडल्या आहेत, असा त्याचा अर्थ होतो. दुखायचे कमी झाले म्हणजे बरे वाटले, असेही नाही. कधी कधी संवेदना देणाऱ्या नसाच जळालेल्या असतात.

चुना एवढा घातक का?

अ‍ॅसिड अंगावर पडले की वरचे मांस शिजल्यासारखे घट्ट होते. त्या घट्ट थरामुळे बरेचदा अ‍ॅसिड आत जायला थोडी अडचण होते. चुना, कॉस्टिक सोडा, अमोनिया यांची जात वेगळी आहे. हे क्षार आहेत. पेशींच्या आवरणात जी चरबी असते तिचा ते साबण करून टाकतात आणि आतल्या थरांकडे जातात. त्यात चुन्याचे कण पापणीच्या आत लपून बसतात आणि अश्रूंत हळूहळू विरघळत राहतात. म्हणून चुना एकदा भाजून थांबत नाही.

तंबाखूसोबत मिळणाऱ्या चुन्याच्या पुड्या आणि नळ्या फुटून लहान मुलांचे डोळे जातात, हे दिल्लीच्या एम्समधल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत अनेक वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे. चुन्याची नळी तरीही खेळण्याइतकीच सहज मुलांच्या हाती लागते.

आपल्या भागात हा धोका फक्त चंचीत नाही. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण करतात, त्यात मोरचूद आणि चुना असतो. बांधकामावर चुना आणि ओले सिमेंट असते. सिमेंटही क्षारच आहे. खानापूर-आटपाडी भागातली माणसे सोने-चांदी गाळायच्या कामाला देशभर जातात, तिथे नायट्रिक अ‍ॅसिडशी गाठ असते. संडास-गटारी साफ करणाऱ्या आपल्या माणसांच्या हाती अ‍ॅसिडची बाटली दिली जाते, पण चष्मा दिला जात नाही. डोळे कोणाचे जातात, ते कामाच्या वाटणीवरूनच कळते.

पहिला उपचार : पाणी, लगेच, भरपूर

१. जे स्वच्छ पाणी हाताशी असेल ते घ्या. नळ, हंडा, बोअर, टँकर, काहीही चालेल. उकळलेले पाणी शोधत बसू नका. एक मिनिटसुद्धा मोलाचे असते.

२. चेहऱ्यावर कोरडा चुना किंवा सिमेंट असेल तर आधी कापडाने झटकून काढा, मग पाणी ओता.

३. ज्या डोळ्यात गेले तो डोळा खालच्या बाजूला येईल असे डोके कलते करा. म्हणजे ते पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही. नाकाच्या बाजूने बाहेरच्या बाजूला धार सोडा.

४. माणूस डोळा घट्ट मिटून घेतो. एकाने बोटांनी पापण्या उघड्या धराव्यात, दुसऱ्याने पाणी ओतावे. लहान मूल असेल तर त्याला हातांसकट लुगड्यात किंवा चादरीत गुंडाळून धरा. ते रडेल. रडू द्या.

५. खालची पापणी ओढून आणि वरची उलटून आत पाहा. कण दिसले तर ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने अलगद टिपून काढा. पापणी उलटता येत नसेल तर त्यात वेळ घालवू नका, धार चालू ठेवा.

६. कमीत कमी अर्धा तास पाणी ओता. दवाखान्यात नेताना वाटेतही ओतत राहा.

७. तूप, मध, दूध, एरंडेल काहीही घालू नका. चुना आहे म्हणून लिंबू आणि अ‍ॅसिड आहे म्हणून सोडा, असला हिशोब डोळ्यात करायचा नसतो. त्यातून आणखी भाजते.

८. चुन्याची पुडी किंवा अ‍ॅसिडची बाटली सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना काय गेले ते कळेल.

दवाखान्यात पोचल्यावर हक्काने सांगा : "आधी डोळा धुवा, मग केस पेपर काढा." प्राथमिक आरोग्य केंद्रातही हे करता येते. सलाईनची बाटली टांगायची, आयव्ही सेटच्या नळीने डोळ्यात धार सोडायची, पापणी उलटून कण काढायचे आणि लिटमस कागद लावून पाहायचे. क्षार पूर्ण निघाला असे कागदाने सांगेपर्यंत थांबायचे नाही. त्यानंतर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवायचे. साताऱ्याच्या लोकांना जिल्हा रुग्णालय आहे, सांगलीकरांना सांगलीचे सिव्हिल आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

हे पाणी नेमके काय वाचवते, ते आता पाहू.

बुबुळाच्या कडेचा बांध

आरशासमोर उभे राहून आपला डोळा पाहा. मध्ये काळा भाग आहे, भोवती पांढरा. काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. या काचेत रक्तवाहिनी नसते, म्हणून उजेड आरपार जातो. पांढऱ्या भागावर मात्र बारीक रक्तवाहिन्यांचे पातळ कातडे असते.

काचेचा सगळ्यात वरचा थर सतत झिजतो आणि सुमारे आठवडा-दहा दिवसांत नवा होतो. नव्या पेशी कुठून येतात? काळ्या आणि पांढऱ्याच्या सीमेवर जी कड आहे तिथून. त्या कडेला लिंबस म्हणतात. तिथे मूळ पेशी राहतात, ज्यांना डॉक्टर स्टेम सेल म्हणतात. मूळ पेशी स्वतःसारखी दुसरी मूळ पेशी तयार करते, आणि झिजलेल्या जागी जायला कामाची पेशीही तयार करते.

ही कड दोन कामे करते. एक, काचेला नव्या पेशी पुरवते. दोन, पांढऱ्या भागावरच्या कातड्याला काळ्यावर चढू देत नाही. शेतातला बांध जसा शेजारच्या रानातली हरळी अडवतो, तसे समजा.

चुन्याने किंवा अ‍ॅसिडने ही कड जळाली की मूळ पेशी मरतात. मग वरचा थर भरून निघत नाही. जखम राहते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही आणि पांढऱ्या भागाचे रक्तवाहिन्यांसकटचे कातडे काचेवर चढत येते. आपण म्हणतो, "डोळ्यात फूल पडले." सगळीच फुले अशी नसतात. जखमेत जंतू जाऊन पडलेले फूल वेगळे, उसाचे पान लागून बुरशी धरली ते वेगळे. कड जळून आलेला पांढरेपणा हा वेगळा आजार आहे आणि त्याचा उपचारही वेगळा आहे.

पहिल्या अर्ध्या तासातले पाणी या कडेच्या पेशी वाचवते. चौथा भाग जरी जिवंत राहिला तरी पुढचा सगळा प्रवास सोपा होतो.

नुसते बुबुळ बदलून का भागत नाही?

गलाईच्या कामावर असताना एका तरुणाच्या डाव्या डोळ्यात अ‍ॅसिड उडाले. परराज्यातल्या एका मोठ्या शहरात त्याला सांगितले, "बुबुळ बदलू, दिसेल." नेत्रदानातून आलेला कॉर्निया बसवला. दोन महिने बरे दिसले. मग डोळा पुन्हा लाल झाला, पांढरा झाला. तो आमच्याकडे आला तेव्हा म्हणाला, "ताई, माझं नशीबच खराब."

आम्ही त्याला समजावले, की यात नशिबाचा काही संबंध नाही. दुसऱ्याची काच बसवली तरी तिचा वरचा थर काही दिवसांनी झिजणारच. तो भरून काढायला ज्याच्या डोळ्यात ती बसवली त्याच्याच कडेच्या मूळ पेशी लागतात. कड मेली असेल तर नवी काचही झाकोळते. म्हणून क्रम असा असतो : आधी कडेच्या मूळ पेशी, डोळ्याचा पृष्ठभाग शांत आणि स्वच्छ, मग गरज असेल तर बुबुळ बदलणे. काही जणांना दुसऱ्या पायरीची गरजच पडत नाही.

हा उपचार कसा घडत गेला

कडेच्या मूळ पेशी एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात लावता येतात, हे अमेरिकेतल्या केन्यन आणि त्सेंग या डॉक्टरांनी १९८९ मध्ये दाखवले. पण त्यासाठी चांगल्या डोळ्याच्या कडेचे मोठे तुकडे काढावे लागत. चांगल्या डोळ्यालाच काही झाले तर, ही भीती रुग्णाला आणि डॉक्टरलाही असे.

१९९७ मध्ये इटलीतल्या ग्राझिएला पेल्लेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांच्या गटाने कडेचा अगदी लहान तुकडा घेऊन त्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि दोन रुग्णांच्या डोळ्यांत लावल्या. याच पद्धतीतून तयार झालेल्या औषधाला युरोपात फेब्रुवारी २०१५ मध्ये सशर्त परवानगी मिळाली. मूळ पेशींपासून केलेले आणि युरोपात परवानगी मिळालेले ते पहिले औषध.

आपल्या देशातला महत्त्वाचा अध्याय हैदराबादचा आहे. तिथे डॉ. गुल्लापल्ली राव यांनी १९८७ मध्ये एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था सुरू केली. सिनेमा काढणाऱ्या एल. व्ही. प्रसाद यांनी त्यासाठी जमीन आणि पैसा दिला, म्हणून त्यांचे नाव. पैसे नसलेल्यांवर मोठ्या संख्येने मोफत उपचार करणे हे या संस्थेचे धोरण आहे. तिथे डॉ. वीरेंदर सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ पासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी लावायला सुरुवात केली. २०११ मध्ये त्यांनी २०० रुग्णांचे निष्कर्ष छापले. त्यात ७१ टक्के डोळ्यांत यश आले होते.

अडचण एक होती. पेशी वाढवायला अतिशय स्वच्छ प्रयोगशाळा लागते, तिचा खर्च मोठा आणि ती थोड्याच ठिकाणी असते. गरिबाने काय करायचे? या प्रश्नातून याच गटाने एक साधा मार्ग काढला. पेशी बाहेर वाढवायच्याच नाहीत, रुग्णाच्या डोळ्यातच वाढू द्यायच्या. २०१२ मध्ये त्यांनी पहिल्या सहा रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. या शस्त्रक्रियेचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव आहे 'स्लेट'. आज ती अनेक देशांत केली जाते.

'स्लेट' कशी करतात?

आधी जळालेल्या डोळ्यावर चढलेले कातडे काळजीपूर्वक सोलून काढतात. त्यावर बाळंतपणात वारेसोबत बाहेर पडणाऱ्या पिशवीचे पातळ, पारदर्शक आवरण पसरतात. हे आवरण तपासलेले, निर्जंतुक करून साठवलेले असते. त्यामुळे सूज कमी होते आणि पेशींना आधार मिळतो.

मग चांगल्या डोळ्याच्या कडेचा सुमारे दोन मिलिमीटरचा तुकडा घेतात. ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान. त्याचे आठ-दहा बारीक तुकडे करतात आणि वाफ्यात रोपे लावावीत तसे त्या आवरणावर गोलाकार मांडतात. मधली, नजरेची जागा मोकळी सोडतात. तुकडे चिकटवायला रक्तातल्या घटकांपासून केलेला खास डिंक वापरतात. वरून मऊ लेन्स बसवतात. प्रत्येक तुकड्यातून पेशी पसरत जातात आणि साधारण दोन आठवड्यांत एकमेकींना मिळून नवा थर होतो.

चांगल्या डोळ्याचे काय, हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. तुकडा इतका लहान असतो की ती जागा थोड्याच दिवसांत भरून येते. तरीही चांगला डोळा खरोखर चांगला आहे ना, हे डॉक्टर आधी नीट तपासतात. तपासायलाच हवे.

२०१६ मध्ये हैदराबादच्या डॉक्टरांनी १२५ रुग्णांचे निष्कर्ष छापले. त्यात ६५ मोठी माणसे आणि ६० मुले होती. सगळ्यांना एका डोळ्याची रासायनिक इजा झालेली. सुमारे दीड वर्षाच्या पाठपुराव्यात ७६ टक्के डोळ्यांत पृष्ठभाग टिकून राहिला. म्हणजे चारांतल्या तिघांना फायदा झाला, चौथ्याला झाला नाही. या शस्त्रक्रियेला चमत्कार म्हणू नका आणि फसवणूकही म्हणू नका. मोजून, तपासून पाहिलेला हा उपचार आहे.

काही अटी समजून घ्या. डोळा लालभडक, सुजलेला असताना ही शस्त्रक्रिया सहसा करत नाहीत. इजा होऊन काही महिने गेले, सूज उतरली, की मग करतात. पापणी डोळ्याला चिकटली असेल, डोळ्यातला दाब वाढला असेल किंवा डोळा फार कोरडा असेल, तर आधी त्यावर उपचार करावे लागतात. आतला पडदा किंवा डोळ्याची नसच गेली असेल, तर पृष्ठभाग कितीही स्वच्छ केला तरी दिसणार नाही.

दोन्ही डोळे गेले असतील तर?

मग स्वतःचा चांगला डोळा उरत नाही. अशा वेळी आई, वडील, भाऊ, बहीण यांच्या डोळ्याच्या कडेचा तुकडा किंवा नेत्रदानातून आलेल्या डोळ्याची कड वापरतात. ती परकी असल्याने शरीर तिला नाकारू शकते. म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात आणि वरचेवर रक्त तपासावे लागते.

यावर जगात काम चालू आहे. जपानच्या ओसाका विद्यापीठातल्या डॉ. कोजी निशिदा यांच्या गटाने रुग्णाच्याच गालाच्या आतल्या पेशी वाढवून डोळ्यावर लावल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे त्याच गटाने साध्या पेशींना पुन्हा मूळ पेशींसारखे बनवून त्यांपासून बुबुळाचा थर तयार केला आणि २०१९ मध्ये पहिल्या रुग्णाला लावला. अशा चार रुग्णांचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. आशा वाटावी असे ते आहेत, पण चारच रुग्ण आहेत. आपल्या गावातून उद्या जाऊन घेता येईल असा तो उपचार अजून झालेला नाही.

आपल्या हातात आहे ते नेत्रदान. श्रीलंकेतल्या बौद्धांनी नेत्रदानाची लोकचळवळ केली आणि तिथून अनेक देशांना डोळे गेले. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे लागते. आपल्या घरात हे आधीच बोलून ठेवले पाहिजे.

'स्टेम सेल'च्या नावाचा बाजार

तासगावच्या त्या मुलाच्या बापाला एका माणसाने गाठले. म्हणाला, "शहरात स्टेम सेलचं इंजेक्शन देतात, दीड लाखात डोळा येतो." बापाने उचल मागायची तयारी केली होती. आम्ही त्याला चार प्रश्न लिहून दिले :

- कोणत्या पेशी, माझ्या मुलाच्या शरीरातल्या कोणत्या जागेवरून घेणार?
- हा उपचार मान्यता असलेला आहे की चाचणी आहे? चाचणी असेल तर समितीच्या मंजुरीचा कागद कुठे आहे, आणि पैसे का मागता?
- आजवर किती रुग्णांवर केला, किती जणांना फायदा झाला नाही?
- हेच सगळे सहीशिक्क्यासह लिहून द्याल का?

तो माणूस परत आला नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. जे स्टेम सेल उपचार सिद्ध झालेले नाहीत, ते फक्त मंजुरी असलेल्या चाचणीतच करता येतात आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. फसवणूक फक्त गरिबांचीच होते असे नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात तीन वृद्ध महिलांच्या दोन्ही डोळ्यांत पोटाच्या चरबीतून काढलेल्या 'स्टेम सेल' टोचल्या. त्यांनी प्रत्येकी ५,००० डॉलर भरले होते. तिघींचीही नजर गेली. २०१७ मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

कोणी मोठ्याने सांगतो म्हणून, कोणी मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, ही शिकवण आपल्याला कालाम सुत्ताने दिली आहे. दवाखान्यातही ती वापरा. बुबुळाच्या कडेच्या मूळ पेशींचा उपचार खरा आहे. पण त्याचे नाव पुढे करून मधुमेहाचा डोळा, सुकलेली नस किंवा जन्मजात अंधत्व बरे करून देतो म्हणणाऱ्याचे ऐकू नका.

लहान मुलाला उशीर नको

मोठ्या माणसाने सहा महिने थांबले तर चालते, लहान मुलाचे तसे नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू बघायला शिकत असतो. एका डोळ्यातून उजेडच गेला नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. त्याला आळशी डोळा म्हणतात. मग पुढे बुबुळ स्वच्छ केले तरी नजर पूर्ण येत नाही. म्हणून मुलाला डोळ्यांच्या तज्ज्ञाकडे लवकर न्या, शस्त्रक्रियेची वेळ डॉक्टरांना ठरवू द्या. शस्त्रक्रियेनंतर चांगल्या डोळ्यावर रोज ठरलेले तास पट्टी बांधायला सांगतात. पोर चिडते, पट्टी ओढून टाकते. पण शस्त्रक्रियेइतकीच ती पट्टीही महत्त्वाची आहे.

खर्च आणि कागद

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसणाऱ्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. आपल्याला सांगितलेला उपचार योजनेत बसतो का, हे त्याला आधी विचारा. आधार कार्ड, रेशन कार्ड आणि पहिल्या दिवसापासूनचे केस पेपर एका पिशवीत ठेवा. इजा कशाने, कधी झाली हे केस पेपरवर लिहून घ्या. कामावर इजा झाली असेल तर भरपाई मागताना तोच कागद उपयोगी पडतो. कोणी अ‍ॅसिड फेकले असेल, तर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत प्रथमोपचार केलेच पाहिजेत, असा कायदा आहे. पैसे भरा मग बघू, असे म्हणता येत नाही.

आणखी एक कटू गोष्ट. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल, तर सरकारी हिशोबात ते ३० टक्के अपंगत्व धरतात. सवलतींसाठी बहुतेक ठिकाणी ४० टक्के लागतात. म्हणजे एक डोळा गेलेल्या मजुराला प्रमाणपत्राचा फारसा आधार मिळत नाही. म्हणून डोळा जाऊच नये, यासाठी आधीच झटले पाहिजे.

त्या मुलाचे पुढे काय झाले?

दीड वर्ष इकडे-तिकडे गेले. शेवटी वस्तीने वर्गणी काढली, आम्ही पत्रे लिहिली आणि आई त्याला घेऊन हैदराबादला गेली. स्लेट झाली. आज त्याच्या उजव्या डोळ्याचा पृष्ठभाग शांत आहे, पाणी वाहत नाही, उजेडात तो डोळा उघडतो. नजर पूर्ण आलेली नाही. डावा डोळा झाकला तर त्याला फळ्यावरची मोठी अक्षरे दिसतात, लहान दिसत नाहीत. पट्टी चालू आहे. आई म्हणते, "फळ्यावरचं दिसतंय, आता शाळेतून हटणार नाही तो." आजीने मात्र त्या दिवसापासून तंबाखू सोडली. आम्ही तिला एकदाही सांगितले नव्हते.

पहिल्या पाच मिनिटांत हंडाभर पाणी त्या डोळ्यात पडले असते तर बहुधा हैदराबाद लागलेच नसते. आम्हाला रात्री झोप येत नाही ती या विचाराने.

या महिन्यात वस्तीत एवढे करा

- चुन्याची नळी, पुडी, डबी मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. रिकामी नळीसुद्धा मुलांना खेळायला देऊ नका.
- चुना भिजवताना पिंपापासून मुलांना लांब ठेवा. ढवळणाऱ्याने चष्मा लावावा. शेजारी स्वच्छ पाण्याची भरलेली बादली आणि तांब्या ठेवा. पाणी आधी, चुना नंतर.
- बागेत औषध मारणारे, बांधकामावरचे, सफाईचे काम करणारे यांनी मुकादमाकडे आणि मालकाकडे चष्मा मागा. एकट्याने मागू नका, सगळ्यांनी मिळून मागा.
- रविवारी विहारात वंदना झाल्यावर दहा मिनिटे द्या. एका मुलाला खाली झोपवा आणि पाण्याची धार कशी सोडायची, पापणी कशी धरायची हे सगळ्यांना करून दाखवा. आजी-आजोबांना पुढे बसवा, कारण आई-बाप कामावर गेल्यावर घरी तेच असतात.
- वस्तीत कोणाच्या डोळ्यात फूल असेल तर त्याला विचारा : हे कशाने झाले? चुन्याने किंवा अ‍ॅसिडने झाले असेल आणि कितीही वर्षे झाली असली, तरी एकदा बुबुळाच्या तज्ज्ञाला दाखवा. "आता काही होणार नाही" हे वाक्य तज्ज्ञाने तपासून म्हटले तरच खरे माना.

यंदा विहाराच्या भिंती पांढऱ्या करा, डोळा कोणाचा पांढरा होऊ देऊ नका.

जय भीम!